ऐकणाऱ्यांना आधार कोणाचा?
प्रशांत महासागरातील बेटांवरच्या सेविकांविषयी



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काहींच्या मनात दोन शंका आल्या असतील. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी घरची मंडळी बरोबर घेऊन ऐकायला यावे अशा ठिकाणी लैंगिक अत्याचारांसारखा विषय कशाला, ही पहिली. आणि घ्यायचाच तर आपल्याकडचा घ्यावा, नकाशावर भिंग लावून शोधावी लागणारी फिजी, सामोआ, टोंगा ही बेटे कशाला, ही दुसरी. पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. अत्याचारांची वर्णने आम्ही करणार नाही. ज्या माणसावर असा प्रसंग गुदरला ते एखाद्या लहानशा खोलीत येऊन पहिल्यांदा तोंड उघडते, तेव्हा समोरच्या खुर्चीवर एक बाई ऐकत बसलेली असते. तिच्याविषयी आम्हांला बोलायचे आहे. तिला काय सोसावे लागते आणि तिच्या पाठीशी कोणी कसे उभे राहायचे, एवढाच आजचा विषय.

दुसऱ्या शंकेसाठी थोडे मागे जावे लागेल. १८७९ ते १९१६ या काळात कलकत्ता आणि मद्रास या बंदरांतून साठ हजारांवर माणसे पाच वर्षांच्या करारावर फिजीच्या उसाच्या मळ्यांत नेण्यात आली. ‘अ‍ॅग्रीमेंट’चे त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि ती माणसे ‘गिरमिटिया’ झाली. त्यांत मराठी माणसे अगदी तुरळक. पण ही पद्धत बंद करावी असा ठराव वरिष्ठ कायदेमंडळात ४ मार्च १९१२ रोजी मांडला तो आपल्या नामदार गोखल्यांनी. सरकारी मतांच्या बळावर तो पाडण्यात आला, हे सांगायला नकोच. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका असा भरतीचा नियम होता. वर गोरा ओव्हरसियर आणि त्याच्या हाताखालचा सरदार. अशा जागी बाईची काय दशा होत असेल ते निराळे सांगण्याचे कारण नाही.

महायुद्धाच्या आधीच्या दोनतीन वर्षांतली गोष्ट. रेवा नदीकाठच्या मळ्यात कुंती नावाच्या बाईला इतरांपासून दूर, एकटीला, केळीच्या बागेत तण काढायला धाडले. ओव्हरसियर तेथे आला. तिने त्याचा हात झिडकारला, धावत सुटली आणि नदीत उडी घेतली. होडीतून जाणाऱ्या एका मुलाने तिला वाचवले. पुढे तिची हकीकत कलकत्त्याच्या ‘भारतमित्र’ पत्रात छापून आली, देशभर गाजली आणि गिरमिट बंद करण्याच्या चळवळीला तिने मोठे बळ दिले. तिकडच्या सरकारने चौकशी करून बाई खोटी ठरवली, तेही रीतीप्रमाणेच झाले. आम्हांला या हकीकतीत एक गोष्ट फार बोचते. त्या साऱ्या बेटावर कुंतीला आपले म्हणणे सांगायला एकही जागा नव्हती. ऐकणारा कान सात समुद्र ओलांडून कलकत्त्याला शोधावा लागला.

तशी जागा फिजीत निघाली ती १९८४ साली, सुवा या राजधानीच्या शहरात. फिजी विमेन्स क्रायसिस सेंटर हे तिचे नाव. चारदोन बायकांनी स्वतःच्या हिमतीवर सुरू केलेले हे केंद्र पुढे बा, लाबासा, नांदी, राकिराकी येथेही गेले. शमीमा अली यांचे नाव या केंद्राशी पहिल्या काही वर्षांपासून जोडले गेले आहे. इटाउकेई म्हणजे मूळ फिजियन, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत तेथे काम चालते. गिरमिटियांची नात आणि मूळ फिजियन सरदाराची नात एका टेबलाशी बसतात, ही त्या देशाच्या राजकारणाला न साधलेली गोष्ट या केंद्राने साधली. त्याच १९८४ साली मुंबईत पोलीस आयुक्तांच्या कचेरीत टाटा समाजविज्ञान संस्थेने बायकांसाठी विशेष कक्ष उघडला. दोहोंचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण आपल्याकडे १९७२ सालच्या देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या प्रकरणाने आणि १९७८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने लोकांचे डोळे उघडले होते. कायद्याच्या चार अध्यापकांनी न्यायालयाला उघड पत्र लिहिले होते आणि १९८३ साली कायदा बदलला होता. फिजीत मात्र बाईच्या शब्दाला दुसऱ्याची पुष्टी हवीच, हा जुना नियम तेथील अपील न्यायालयाने मोडीत काढला तो २००४ साली. म्हणजे तोवर वीस वर्षे सुवाच्या त्या खोलीत बसणारी बाई समोरचीला धीर देत होती आणि मनातून जाणत होती, की कोर्टात हिच्या एकटीच्या शब्दाला किंमत नाही.

आता ऐकण्याच्या कामाविषयी. ऐकणे म्हणजे काय, कान आहेत, ऐकले, असे आपल्याला वाटते. परंतु रोज एक, दोन, तीन अशा हकीकती वर्षानुवर्षे ऐकणाऱ्याचे मन बदलत जाते. १९९० साली मॅक्कॅन आणि पर्लमन या दोन अमेरिकन विदुषींनी या प्रकाराला शास्त्रीय नाव दिले. दुसऱ्याचा आघात ऐकता ऐकता आपल्यालाही घडतो, असा त्याचा मथितार्थ. झोप मोडते. रस्त्याने जाणारा बापलेक पाहून मन नको तिकडे जाते. स्वतःच्या मुलीला शेजारी खेळायला पाठवताना छातीत धस्स होते. हा दुबळेपणा नव्हे. लोहाराच्या हाताला घट्टे पडतात तसाच हा कामाचा परिणाम, फक्त घट्टा पडायच्या जागी येथे जखम राहते.

पाश्चात्त्य देशांत यावर उपाय ठरलेला आहे. दर पंधरवड्याला किंवा महिन्याला एखाद्या अनुभवी जाणत्यापाशी तासभर बसायचे, कामाबद्दल मन मोकळे करायचे. ‘सुपरव्हिजन’ असे त्याला नाव आहे. आपला ‘देखरेख’ हा शब्द त्याला पुरत नाही, कारण देखरेखीत मुकादम येतो आणि येथे हवी असते वडीलधारी मैत्रीण. दुसरा उपाय म्हणजे सीमा आखणे. काम कचेरीच्या दारात ठेवावे, घरी नेऊ नये. सल्ला वाईट नाही. पण न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या दक्षिणेला मांगेरे किंवा ओटारा या वस्तीत राहणाऱ्या सामोअन किंवा टोंगन सेविकेला तो दिला तर ती हसेल.

का हसेल, ते पाहू. न्यूझीलंडमध्ये २०२३ च्या शिरगणतीत बेटांवरून आलेली आणि त्यांच्या वंशाची माणसे सुमारे ४ लाख ४२ हजार भरली, शेकडा नवाच्या आसपास. निउए बेटावर जेमतेम दीडएक हजार माणसे राहतात, तर न्यूझीलंडमध्ये निउएचे म्हणवणारे तीस हजारांच्या घरात आहेत. ही माणसे चर्चच्या आणि कुळाच्या धाग्यांनी बांधलेली. मंगळवारी जिची हकीकत ऐकली तिची मावशी रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर असते. ज्याच्यावर आरोप आहे तो कदाचित भजनी मंडळात, म्हणजे त्यांच्या क्वायरमध्ये, सेविकेच्या नवऱ्याच्या शेजारी उभा असतो. प्रार्थनेनंतरच्या जेवणाला सगळे एकत्र. काम दारात ठेवायचे म्हणता, तर दार आहे कुठे?

सामोअन भाषेत ‘वा’ म्हणून एक शब्द आहे. दोन माणसांमधली, दोन घरांमधली जागा असा त्याचा अर्थ. गंमत अशी, की आपल्या भाषेत मधली जागा माणसांना तोडते. ‘मला अंतर देऊ नका’ असे आपण काकुळतीने म्हणतो. त्यांच्या भाषेत मधली जागा माणसांना जोडते, आणि ती जागा नीटनेटकी ठेवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य मानले जाते. माणूस म्हणजे सुटा जीव नव्हे, नात्यांच्या जाळ्यातली एक गाठ, ही त्यांची धारणा. मग अत्याचार हा एका देहावरचा घाव राहत नाही. ती मधली जागाच विटाळते. आणि जी सेविका ती जागा पुन्हा स्वच्छ करायला निघते ती स्वतः त्याच जाळ्यात गुंतलेली असते.

भाषेचीच दुसरी अडचण ऐका. सामोआत आणि टोंगात भाऊबहिणीचे नाते फार सोवळ्यातले. बहीण ही पवित्र, भावाने तिची राखण करायची, आणि दोघांच्या देखत शरीरसंबंधाचा उल्लेखही करायचा नाही. चुलत, मावस, आते, सगळी भावंडेच धरली जातात. अशा समाजात सेविकेने सभागृहात उभे राहून या विषयावर बोलायचे, आणि समोर तिच्या भावांच्या नात्याचे दहा पुरुष बसलेले. तिची जीभ अडखळते ती भीतीने नव्हे, मर्यादेने. आपल्याकडे ‘कावळा शिवला’ म्हणून वेळ मारून नेणाऱ्या आजी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चटकन समजेल. मुलगी आडून आडून काही सांगते, आणि कोणत्या शब्दाआड काय दडले आहे हे त्या भाषेत वाढलेल्या बाईलाच कळते. इंग्रजी पुस्तक पढलेला डॉक्टर तेथे कोरडाच राहतो. म्हणून ही सेविका हवी. आणि ती मोलाची आहे म्हणूनच तिच्यावर सगळे ओझे येऊन पडते.

आता जरा नाजूक भागाकडे वळतो. या बेटांवर क्षमायाचनेचे मोठे हृद्य विधी आहेत. सामोआत त्याला ‘इफोगा’ म्हणतात. अपराध्याच्या कुळातली मोठी माणसे पहाटे दुखावलेल्या घरापुढे येतात, अंगावर मौल्यवान विणीव चटई पांघरून खाली मान घालून बसतात. घरचे लोक चटई उचलतील तेव्हा क्षमा झाली. १९७०च्या दशकात न्यूझीलंडच्या पोलिसांनी बेटांवरच्या लोकांच्या घरांवर पहाटे धाडी घातल्या होत्या. त्याबद्दल १ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न ऑकलंडच्या सभागृहात अशीच चटई पांघरून बसल्या. त्या धाडींची आठवण घराघरांत जिवंत आहे. ‘पोलिसांत चल’ असे सेविका म्हणते तेव्हा समोरच्या आजीच्या चेहऱ्यावर काय उमटत असेल याची त्यावरून कल्पना यावी. फिजीतल्या अशा विधीला ‘बुलुबुलु’ म्हणतात. तेथे ‘तांबुआ’, म्हणजे देवमाशाचा दात, अर्पण करतात. विधी सुंदर आहेत याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. पण बलात्काराच्या प्रकरणांत दोन कुळांचे वडीलधारे हा विधी उरकतात, आणि मग तोच दाखला देऊन कोर्टात शिक्षा कमी करून मागितली जाते, असे फिजीत वारंवार घडले. २००२ साली संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे फिजीचा अहवाल आला तेव्हा याच बुलुबुलुवरून बरीच झडाझडती झाली.

विधीच टाकून द्या, असे सुवाच्या बायकांचे म्हणणे नव्हते. तो येथे लावू नका, एवढेच त्या म्हणत होत्या. हा भेद परदेशी टीकाकारांच्या पुष्कळदा ध्यानात येत नाही. गुन्हा कुळाने कुळाचा केलेला नाही. माफी मागितली गेली, दिली गेली, सगळे जेवायला बसले. ती मुलगी कुठे होती? तिला कोणी विचारले का? हा प्रश्न त्या मंडळीत बसून कोणीतरी विचारावा लागतो, आणि तो विचारणारी बहुधा हीच आपली सेविका असते. ती तेथे परकी बाई असती तर लोकांनी ऐकून सोडून दिले असते. ती घरची आहे, म्हणून तिला ‘आपली संस्कृती बुडवणारी’ हे नाव मिळते. आमचे स्पष्ट मत असे, की संस्कृतीचा हवाला अशा वेळी जो देतो त्याच्याकडे नीट पाहावे. बहुधा त्याचे स्वतःचे काही ना काही त्यात झाकायचे असते.

दुसऱ्या बाजूने गोऱ्या संस्थांचा त्रास असतो, तो प्रेमळपणे दिलेला असतो म्हणून दिसत नाही. मोठ्या कचेरीत बेटांवरची एकच बाई. मग टोंगन, सामोअन, कुक बेटांवरचे, कोणीही आले की तिच्याकडे पाठवायचे, जणू ही सगळी एकच भाषा बोलतात! सभेच्या आरंभी प्रार्थना तिने म्हणायची, पाहुण्यांचे स्वागत तिने करायचे, सहकाऱ्यांना ‘तुमच्या चालीरीती’ तिने शिकवायच्या, आणि आपल्या वाटणीचे काम करायचे ते निराळेच. या जादा कामाचा मोबदला पगारात नसतो. शिवाय न्यूझीलंडमध्ये अशा पीडितांच्या समुपदेशनाचा खर्च अपघात नुकसानभरपाईच्या सरकारी महामंडळाकडून मिळतो, आणि तो मुख्यतः ठराविक व्यावसायिक नोंदणी असलेल्यांच्या कामाला. वीस वर्षे बायकांचे ऐकत आलेल्या, पण कागद नसलेल्या प्रौढ बाईला मग तेथे सहायक म्हणून बसावे लागते. ज्याला कागद आहे त्याला भाषा नाही, जिला भाषा आहे तिला कागद नाही.

पैशाची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक. सामोअन घरांत ‘फाअलावेलावे’ म्हणजे लग्न, मृत्यू, चर्चचे कार्य यांसाठी कुळाला द्यायची वर्गणी असते. शब्दाचा मूळ अर्थच गुंता. सेविकेचा पगार तिच्या एकटीचा नसतोच. संस्थेचे अनुदान वर्षावर्षाच्या कराराने येत असेल तर तिच्या मागे उभे असलेले सारे कूळ त्या तारखेकडे डोळे लावून बसते. मनाच्या स्वास्थ्यावर व्याख्याने देण्यापूर्वी करार तीन वर्षांचा केला तर अधिक स्वास्थ्य लाभेल, असे आम्हांला वाटते.

मग आधार म्हणून काय चालते? तिकडे जे जमले त्यावरून काही सांगता येईल. सुवाचे केंद्र आपल्याकडच्या आणि आजूबाजूच्या देशांतल्या कार्यकर्त्यांसाठी चार आठवड्यांचे शिक्षण चालवते. किरिबाती, सॉलोमन, वानुआतू, टोंगा येथून माणसे येतात. कायदा, समुपदेशन, मानवी हक्क हे विषय तर असतातच. पण जी आपल्या बेटावर एकटीच या कामात असते तिला चार आठवडे आपल्यासारख्या वीस जणी भेटतात, आणि त्यांतली एकही तिच्या गावची नसते, हे आमच्या मते अभ्यासक्रमाहून मोठे. तिला प्रथमच अशी माणसे मिळतात जिच्यापाशी बोलले तर कोणत्याही मावशीच्या कानावर जाणार नाही. १९९२ साली या साऱ्या केंद्रांचे मिळून एक जाळेही उभे राहिले. त्याच वर्षी निघालेल्या वानुआतूच्या स्त्रीकेंद्राने दूरदूरच्या बेटांवर गावकरी बायकांच्या समित्या नेमल्या. ऐंशीच्या वर बेटे आणि शंभरावर भाषा असलेला तो देश. तेथे राजधानीतून मदत पोचेस्तोवर समितीतली बाईच पोलीस, वकील आणि आई होते. २०१५ च्या मार्चात पाम वादळाने तो देश झोडपला, त्यानंतर स्वतःच्या घराचे छप्पर शोधता शोधता याच बायकांनी दुसऱ्यांची दुःखेही ऐकायची होती.

न्यूझीलंडमध्ये २०१२ साली ‘न्गा वाका ओ काइंगा तापु’ या नावाची एक मांडणी तयार झाली. पवित्र कुळांची गलबते, असा काहीसा अर्थ. घरगुती हिंसेवरच्या या मांडणीची आम्हांला आवडलेली गोष्ट ही, की तिने ‘पॅसिफिक’ नावाचे एकच गाठोडे बांधले नाही. सामोआ, टोंगा, फिजी, कुक बेटे, निउए, टोकेलाउ, तुवालू अशा सातांचे सात निराळे विचार तेथल्याच माणसांकडून लिहवून घेतले. दुसरे म्हणजे ‘तालानोआ’. अजेंडा न लावता, गोल बसून, ज्याला जेव्हा सुचेल तेव्हा बोलायचे, ही बेटांवरची जुनी रीत. टोंगन अभ्यासक तिमोते वाइओलेती यांनी २००६ साली तिला संशोधनाची पद्धत म्हणून मांडले. सेविकांच्या सुपरव्हिजनलाही ही बैठक चांगली मानवते. घड्याळ लावून तासभर एका अनोळखी गोऱ्या बाईपुढे बसण्यापेक्षा आपल्या भाषेतल्या दोघीतिघी आणि एखादी पोक्त बाई असली, आरंभी प्रार्थना, मधे खाणे असले, की मनाची गाठ सुटते. मात्र यात एक धोका आहे. पोक्त बाई नात्यातली निघाली तर सेविका तिच्यापुढे थकले म्हणणार नाही, वडीलधाऱ्यांपुढे तक्रार करणे शोभत नाही म्हणून. तेव्हा दोन्ही हवे: एक आपल्या रीतीची जाणती, आणि एक कामाच्या शास्त्राची जाणती. दोघींचाही खर्च संस्थेने उचलायचा. ‘तुमच्याकडे आजी आहेतच की’ असे म्हणून पहिला फुकटात टाकायचा नाही.

पाद्री आणि सरदार यांच्याशी बोलणी करायचे काम शक्यतो तिच्यावर येऊ नये. सुवाच्या केंद्राने पुरुषांना शिकवून पुरुषांकडे पाठवण्याचा क्रम धरला, तो शहाणपणाचा आहे. २०१०-११ मध्ये केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्याच पाहणीत असे दिसले, की नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती शंभरांतल्या चौसष्ट बायकांनी आयुष्यात केव्हातरी सोसलेली आहे. याचा एक अर्थ फारसा कोणी बोलून दाखवत नाही. ऐकायला बसणाऱ्या बायकाही याच शंभरांतून आलेल्या असतात. समोरची सांगत असते आणि हिच्या मनात स्वतःचे जुने काही हलते. म्हणून नेमणूक करतानाच, तुझ्यावर असे काही गुदरले असेल तर ते आम्हांला सांगण्याची सक्ती नाही, पण अमुक ठिकाणी, अमुक माणसाकडे, कचेरीला न कळवता तुला जाता येईल, असे सांगून ठेवणे हा आम्ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मिळ आधार समजतो.

शेवटी अगदी लहान समूहाची अडचण सांगून थांबतो. टोकेलाउ म्हणजे तीन प्रवाळद्वीपे. तेथली बहुतेक माणसे आता न्यूझीलंडमध्ये राहतात, आणि तिकडेही ती मोजकीच. त्यांच्यातल्या एखाद्या बाईने हे काम हाती घेतले तर तिची भाषा समजणारे जवळजवळ प्रत्येक माणूस या ना त्या नात्याने तिचे लागते. तिने मन कोठे मोकळे करावे? टोकेलाउत पिढ्यान्‌पिढ्या बायबल वाचले गेले ते सामोअन भाषेतले, त्यामुळे जुन्या मंडळींना ती भाषा कळते. तेव्हा सामोअन जाणतीशी तिची जोडी घालून द्यावी. घरची भाषा नाही, पण देवाची भाषा ओळखीची, आणि कुळ मात्र परके. महिन्यातून एक दुपार, येण्याजाण्याचे भाडे, आणि त्या दुपारी तिच्या जागी टेलिफोनजवळ बसायला दुसरी एक बाई, एवढीच तरतूद त्याला लागते.